एक छोटासा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला की या मासिकाच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे देऊळच उभे राहावे, हे स्वाभाविक आहे. गळके छप्पर, झिजलेल्या पायऱ्या, वर्गणीची पावतीपुस्तके आणि जुने किती राखावयाचे व नवे किती करावयाचे यावर रात्री उशिरापर्यंत चालणारा विश्वस्तांचा वाद, हे सारे त्या एका शब्दात सामावलेले असते. व्यवसायाने वकील असल्यामुळे त्या वादाचा शेवटचा अंक कधी कधी आमच्या कचेरीत होतो, आणि दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतल्यावर आमचे मत असे बनले आहे की, जुने सर्वच पाडा म्हणणारा आणि जुन्या चिऱ्याला हात लावू नका म्हणणारा, हे दोघेही बहुधा ती वास्तू नीट न पाहताच बोलत असतात. असो. आज ज्या जीर्णोद्धाराविषयी लिहावयाचे आहे, त्यात कळस नाही आणि ध्वजही नाही. तो एका संगणकाचा आहे. त्यातही हिशेबाच्या किंवा टंकलेखनाच्या संगणकाचा नव्हे, तर मुलांच्या खेळाच्या संगणकाचा. विषय हलका वाटून ज्यांना पान उलटावेसे वाटत असेल त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

समुद्रकाठच्या वाचकांना पांढुर्णा आणि सौंसर ही नावे नकाशात शोधावी लागतील. सातपुड्याचा दक्षिण उतार जेथे विदर्भाला येऊन मिळतो, तेथे ही दोन गावे आहेत. भोवती संत्र्यांच्या बागा, घरांत मराठी, आणि कचेरीत हिंदी. १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत नागपूर ही आमच्या प्रांताची राजधानी होती. राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि आमचे तालुके छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहून भोपाळकडे पाहू लागले. पुढे २०२३ च्या ऑक्टोबरात हे दोन तालुके छिंदवाड्यापासून वेगळे काढून पांढुर्णा हा नवा जिल्हा करण्यात आला. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, आणि ज्या खुनाच्या कलमाला आम्ही आयुष्यभर ३०२ म्हणत आलो ते एका रात्रीत १०३ झाले. न्यायालयाची खोली तीच, बाके तीच, पुकारा करणारा शिपाई तोच. आज्ञा देणारे मस्तक मात्र नवे. बैठक जुनी आणि बुद्धी नवी, हा प्रकार आमच्या भागाला असा चांगलाच परिचयाचा आहे, आणि पुढील हकीकत त्याच जातीची आहे.

आमचे वडिलोपार्जित घर पांढुर्ण्यास आणि वकिली मुख्यतः सौंसरला. पांढुर्ण्याच्या घरात आमचे धाकटे बंधू राहत. विहिरींवरच्या पंपांच्या मोटारी पुन्हा गुंडाळून देण्याचे त्यांचे दुकान होते. उन्हाळ्यात, संत्र्यांना पाणी देण्याच्या ऐन हंगामात, जळालेल्या मोटारी बैलगाडीतून, मोटारसायकलवरून, कधी शेतकऱ्याच्या खांद्यावरूनही त्यांच्या दारी येत. मालक काकुळतीने विचारी, की नवीच घ्यावी लागेल काय? बंधू मोटारीची चौकट बोटांनी वाजवून पाहत आणि म्हणत, ‘बॉडी शाबूत आहे ना? मग आतले तांबे बदलू.’ त्यांच्या व्यवसायाचे सारे शास्त्र, आणि आम्हांस वाटते, स्वभावाचेही बरेचसे, या एका वाक्यात होते.

या बंधूंनी २०१८ साली नागपूरच्या सीताबर्डीवरून सुटे भाग आणून घरीच एक संगणक जोडला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता; त्याच्यासाठी म्हणून जोडला हे खरे, पण रात्री जेवणानंतर त्या पडद्यापुढे बापलेक दोघेही बसत हे घरातील सर्वांना ठाऊक होते. आम्ही त्या खर्चाविषयी थोडे बोललो असता बंधूंनी जे उत्तर दिले, ते आम्हांस शब्दशः आठवते. ‘दादा, मी यंत्र नाही घेतलं, बैठक घेतली आहे. पाच-सात वर्षांनी यातला प्रोसेसर काढू आणि नवा बसवू. बाकीचं तसंच.’ विक्रेत्याचे बोलणे हे दुकानातून घरापर्यंत घेऊन आले आहेत, अशी आमची त्या वेळची समजूत झाली. २०२१ च्या वैशाखात, महामारीच्या दुसऱ्या लाटेत, बंधू गेले. दुकान बंद झाले. संगणक राहिला.

संगणकाविषयी ज्यांना फारसे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रोसेसर म्हणजे संगणकात गणित करणारा, निर्णय घेणारा भाग. तळहातावर मावणारी एक चौकोनी चकती. मदरबोर्ड म्हणजे ज्या पत्र्यावर हा प्रोसेसर, स्मृतीच्या पट्ट्या आणि बाकीचे अवयव बसतात तो. खेळाच्या संगणकात आणखी एक मोठा घटक असतो, ग्राफिक्स कार्ड. खेळातील कोणता गडी कोठे उभा आहे, गोळी कोणत्या दिशेने गेली, भिंतीमागे कोण लपले, हे प्रोसेसर ठरवितो. ठरलेले दृश्य रंगवून पडद्यावर टाकतो ते कार्ड. एक सूत्रधार आणि दुसरा चितारी. सूत्रधारच अडखळू लागला तर चितारी हातात कुंचला घेऊन नुसता बसून राहतो.

आमच्या पुतण्याचा सूत्रधार अडखळू लागला तो २०२३ च्या सप्टेंबरात. ‘काउंटर-स्ट्राइक’ नावाचा जो गोळीबाराचा खेळ तो आणि त्याचे वडील खेळत, त्याची जुनी आवृत्ती निर्मात्यांनी त्या महिन्यात मागे घेतली आणि तिच्या जागी दुसरी आणली. नवी अधिक देखणी, आणि अर्थातच अधिक खादाड. पडद्यावर सेकंदाला जितकी चित्रे उमटावयास हवीत तितकी उमटेनात. कोणी धुराचा गोळा फेकला की आकडा चाळीसच्याही खाली येई, आणि तेवढ्यात समोरचा गडी याला मारून मोकळा होई. ज्यांना मुलांच्या पडद्यावरील या मारामारीचा तिटकारा आहे त्यांच्या भावना आम्ही समजू शकतो. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेल्या पळसाच्या झेंड्यासाठी पांढुर्णा आणि सावरगाव या दोन काठांवरील माणसे एकमेकांना खऱ्या दगडांनी मारतात, दर वर्षी डोकी फुटतात, आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत, आणि तरी गोटमार चालूच आहे. अशा गावच्या मनुष्याने खोट्या बंदुकीला नाक मुरडू नये हे बरे. कायद्याचे म्हणाल तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला त्यातही पैसे लावून खेळण्याचे खेळ निषिद्ध ठरविले आहेत. ई-क्रीडेला मात्र मान्यताच दिली आहे.

खेळापुरतीच अडचण असती तर घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती हसण्यावारी नेली असती. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीची नेहमीची देखभाल संपली, आणि तिच्या पुढची विंडोज ११ पहिल्या पिढीच्या रायझन प्रोसेसरांना अधिकृत यादीत घेत नाही. आमच्या बंधूंनी बसविलेला प्रोसेसर नेमका त्या पिढीतला, २०१७ चा रायझन ५ १६००. मुलगा आता बारावीच्या उंबरठ्यावर. त्याचा अभ्यास, अर्ज, सारे त्याच यंत्रावर. तेव्हा काहीतरी करणे प्राप्त होते.

घरात सभा भरली. गावातील एका दुरुस्तीवाल्याने यंत्र पाहून मान हलविली आणि म्हटले, ‘वकीलसाहेब, याच्यात आता काही राहिलं नाही जी. पूर्ण मशीनच बदला.’ आमच्या एका चुलत्यांचे मत पडले की हे डबडे विकावे आणि एक लॅपटॉप घ्यावा. त्यांचा युक्तिवाद चुकीचा होता असे आम्ही म्हणणार नाही. आठ वर्षांच्या मदरबोर्डात पैसे घालावेत आणि उद्या तोच बंद पडावा, ही भीती अगदी रास्त आहे. मुलगा मात्र काही केल्या ऐकेना. त्याची आई, आमची भावजय, बराच वेळ गप्प बसून होती. शेवटी तिने एवढेच विचारले, ‘भाऊजी, यातले ह्यांचे फोटो आणि आवाज जाणार तर नाहीत?’ त्या डिस्कवर आमच्या बंधूंनी खेळताना केलेली काही ध्वनिमुद्रणे होती, हे आम्हांस त्या दिवशी प्रथमच कळले.

मुलाचा हट्ट नुसता भावनेचा असता तर आम्ही समजूत काढली असती. पण त्याने पुरावा सादर केला. खेळातील चित्राची बारकाई त्याने आमच्यासमोर अगदी कमी केली. म्हणजे चिताऱ्याचे काम निम्म्यावर आणले. आता चित्रे भराभर यावयास हवी होती. आकडा होता तेथेच राहिला. ‘काका, कार्ड रिकामं बसलं आहे,’ तो म्हणाला. ‘दोष त्याचा असता तर आत्ता वेग वाढला असता.’ दोघांपैकी एका आरोपीला बाजूला काढून दुसऱ्यावर दोष निश्चित करण्याची ही रीत आम्हांस फार आवडली. पुष्कळ तपास अधिकाऱ्यांना ती साधत नाही.

राहिला प्रश्न बैठकीचा, आणि लेखाचा खरा विषय तोच. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. तिला कितीही सुंदर मराठी शब्द योजला तरी सौंसरच्या माणसाला ती रेल्वेच्या मापावरून अधिक चांगली कळेल. छिंदवाड्याहून सौंसरमार्गे नागपूरला जाणारी आमची जुनी गाडी अडीच फुटी अरुंद रुळांवर धावे. २०१५ साली ती बंद झाली, आणि मग काही वर्षांनी साडेपाच फुटी रूळ टाकून तो मार्ग पुन्हा सुरू झाला. मधली वर्षे गावाने बसमध्ये उभे राहून काढली. माप बदलले की डबे, पूल, फलाट, सारेच बदलावे लागते. नवे इंजिन कितीही उमदे असो, जुन्या रुळांवर ते एक पाऊल चालणार नाही. संगणकाच्या कारखानदारांना असे माप बदलण्याची हौस फार. एवढेच नव्हे, तर २०१७ साली इंटेल कंपनीने आठव्या पिढीचे प्रोसेसर काढले, तेव्हा बैठकीतील स्पर्शबिंदूंची संख्या पूर्वीचीच, ११५१, ठेवली आणि तरीही ते आधीच्या पिढ्यांच्या बोर्डांवर चालू दिले नाहीत. रूळ दिसावयास तेच, पण गाडी पुढे जाईना.

आमच्या बंधूंनी निवडलेली बैठक एएमडी कंपनीची, एएम४ नावाची. रायझन प्रोसेसर २०१७ च्या मार्चमध्ये बाजारात आले तेव्हा ही बैठक २०२० पर्यंत टिकवू, असे कंपनीने सांगितले होते. तो शब्द पाळताना तिची पावले डगमगली. २०२० च्या मे महिन्यात तिने जाहीर केले की येणारे नवे प्रोसेसर जुन्या बोर्डांवर चालणार नाहीत. त्यावर ग्राहकांनी असा काही गिल्ला केला की दोनच आठवड्यांत, निदान मधल्या पिढीच्या बोर्डांपुरता, तो निर्णय फिरवावा लागला. अगदी पहिल्या, २०१७ च्या, बोर्डांना दार उघडले ते २०२२ साली. कायद्यात एक तत्त्व आहे: तुमच्या शब्दावर विसंबून दुसऱ्याने आपली स्थिती बदलली असेल, तर तुम्हांला मागाहून तो शब्द गिळता येत नाही. कारखानदारावर हे तत्त्व न्यायालयात लादणे कठीण. ते येथे बाजारातल्या ओरड्याने साधले. काही असो, ‘पाच-सात वर्षांनी नवा बसवू’ हे आमच्या बंधूंचे वाक्य ते गेल्यावर एका वर्षाने खरे ठरले, आणि आम्हांस त्याचा पत्ता लागला तो आणखी तीन वर्षांनी, त्यांच्या मुलाकडून.

खर्चाचे गणितही याच बाजूला झुकत होते. नव्या बैठकीचे यंत्र घ्यावयाचे तर बोर्ड नवा, प्रोसेसर नवा आणि स्मृतीच्या पट्ट्याही नव्या जातीच्या. आणि २०२५ च्या उत्तरार्धात या पट्ट्यांचे भाव असे भडकले की विचारता सोय नाही. कृत्रिम बुद्धीच्या प्रचंड केंद्रांनी जगातील स्मृती खरेदी करण्याचा सपाटा लावला आणि त्याची झळ पांढुर्ण्याच्या एका ओसरीपर्यंत पोहोचली. उलट, जुन्या बैठकीवर बसणारा रायझन ५ ५६०० हा २०२२ चा प्रोसेसर सीताबर्डीवर दहा हजारांच्या आत मिळाला.

या दोन प्रोसेसरांतला फरक मुलाने आम्हांस समजावून सांगितला तो वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. दोन्हींत गणित करणारी केंद्रे सहाच आहेत आणि दोन्हींना वीजही सारखीच, ६५ वॉटच्या मापाची, लागते. मग अधिक काय? समजा, महाप्रसादासाठी सहा आचारी लावले आहेत. जुन्या प्रोसेसरात ते तीन-तीन असे दोन वेगळ्या खोल्यांत बसविलेले असून प्रत्येक खोलीला आपले लहानसे कोठार आहे, आठ मेगाबाइटचे. या खोलीतल्याला त्या खोलीतले मीठ हवे झाले की अंगण ओलांडून जावे लागते. नव्यात सहाही जण एका खोलीत आणि मध्ये ३२ मेगाबाइटचे एकच कोठार. हातही अधिक चपळ: जुन्याचा सर्वाधिक वेग ३.६ गिगाहर्ट्झ, नव्याचा ४.४. खेळामध्ये लहान लहान गोष्टी क्षणाक्षणाला कोठारातून काढाव्या लागतात, म्हणून तेथे हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. नुसते पत्रलेखन करणाऱ्याला तो फारसा कळणारही नाही; तेव्हा आमचे वाचून कोणी उगाच खर्चात पडू नये.

आणखी एक शंका आमच्या आईने काढली. ‘डोकंच बदललं तर मग ते त्याचं कसं राहिलं?’ आईचे वय ऐंशीच्या घरातले, आणि तिच्या लेखी ‘तो’ म्हणजे एकच. या प्रश्नावर आमच्या व्यवसायात बराच विचार झालेला आहे. हिंदू देवता ही कायद्याच्या दृष्टीने एक व्यक्ती असते. तिच्या नावे जमीन असते, ती दावा लावू शकते. मूर्ती भंगली, झिजली, तिच्या जागी दुसरी बसविली, तरी ती व्यक्ती संपत नाही, कारण कायदा पाषाणाला नव्हे, ज्या धर्मसंकल्पाने देणगी दिली गेली त्याला व्यक्तित्व देतो, ही आपल्या न्यायालयांची भूमिका आहे. आईला हे सर्व सांगण्यात अर्थ नव्हता. आम्ही इतकेच म्हटले की, त्याने मोटारींना जे केले तेच त्याचा मुलगा याला करतो आहे. तिने मान हलविली. पटली म्हणून की थकली म्हणून, ते सांगता येत नाही.

कामाला आरंभ करण्यापूर्वी सर्व फोटो व ध्वनिमुद्रणे दोन वेगळ्या डिस्कांवर उतरविली. एक प्रत भावजयीच्या कपाटात आणि दुसरी सौंसरला आमच्या कचेरीत. मूळ दस्तऐवज हातचा जाऊ देण्यापूर्वी नक्कल घ्यावी, हा आमचा धंद्यातला पहिला धडा. या प्रकरणात आमचा एकमेव तांत्रिक हातभार तोच.

मग बायोस. संगणक सुरू होताच सर्वांत आधी जो लहानसा आज्ञासंच जागा होतो, बैठकीवर कोण बसले आहे ते ओळखतो आणि पुढील कारभार त्याच्या हवाली करतो, त्याला बायोस म्हणतात. २०१७ च्या बोर्डाला २०२२ चा प्रोसेसर कोण हे ठाऊक असणे शक्य नाही; म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बोर्डाला नवा आज्ञासंच शिकवावा लागतो. क्रम चुकवून चालत नाही. नवा प्रोसेसर आधी बसविला तर त्याला ओळखणारा कोणी नाही, आणि ओळखणाऱ्याला शिकवावयास जुना हजर नाही. पूर्वीच्या काळच्या अशा अनेक बोर्डांवर हा आज्ञासंच ठेवण्याची चिपही लहान, १६ मेगाबाइटची. नव्यांची ओळख तीत भरण्यासाठी काही जुन्यांची ओळख पुसावी लागली आहे. आमच्या बोर्डाच्या बाबतीत दोन पायऱ्यांनी जावयाचे होते, आधी मधली आवृत्ती आणि मग शेवटची.

या शिकवणीला पाच-सात मिनिटे लागतात, आणि त्या मिनिटांत वीज गेली तर बोर्ड अर्धवट शिकलेला, म्हणजे निरुपयोगी, होऊन बसण्याचा संभव असतो. आमच्याकडे वीज केव्हा जाईल हे वीज खात्यालाही सांगता यावयाचे नाही. म्हणून शेजाऱ्यांकडून एक बॅटरीचा यूपीएस उसना आणला, तो रात्रभर भारला, आणि रविवारी सकाळी सातच्या सुमारास, गावात पंपांचा भार कमी असताना, मुलाने पेनड्राईव्ह लावला. पडद्यावर एक रेघ सरकू लागली. घरात कोणी बोलेना. आम्ही न्यायालयात पुष्कळ निकालांची वाट पाहिली आहे. पण त्या रेघेइतका सावकाश न्यायाधीश पाहिला नाही. रेघ शेवटाला पोहोचली, पुन्हा एकदा तेच दुसऱ्या आवृत्तीसाठी झाले, आणि जुना प्रोसेसर नव्या ज्ञानानिशी सुखरूप सुरू झाला.

देवळात मूर्ती पीठावर बसविताना अष्टबंधाचा, म्हणजे आठ द्रव्यांचा, लेप भरतात, आणि बारा वर्षांनी तो नवा करण्याचा प्रघात आहे, हे वाचकांस सांगावयास नको. प्रोसेसर आणि त्याच्यावरचा थंड करणारा पंखा यांच्यामध्येही एक लेप असतो. त्याचे काम वेगळे. चिकटविण्याचे नव्हे, तर प्रोसेसरची उष्णता पंख्याच्या धातूकडे पोहोचविण्याचे. पण आठ वर्षांत तो वाळतो आणि न सांगता चिकटविण्याचेही काम करू लागतो. या बैठकीत पिना असतात त्या प्रोसेसरच्या पोटाला, १३३१. पंखा सरळ वर ओढला तर चिकटलेला प्रोसेसर खटका न उघडताच खाचेतून उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मुलाने आधी दहा मिनिटे खेळ चालवून लेप गरम करून घेतला. मग यंत्र बंद करून, वायर काढून, चार स्क्रू सैल केले, आणि पंखा वर न ओढता डावी-उजवीकडे हलके फिरवीत राहिला. ‘काका, तुम्ही फक्त टॉर्च धरा.’ आम्ही धरला. बऱ्याच वेळाने ‘चट्’ असा एक आवाज झाला आणि पंखा हातात आला. प्रोसेसर जागेवरच होता.

वाळलेला करडा लेप २०१८ पासून कोणी पाहिला नव्हता. मुलगा अल्कोहोलमध्ये भिजविलेला कापूस हातात घेऊन थोडा थांबला, आणि मग पुसू लागला. खालून कोरलेली अक्षरे स्पष्ट झाली. खटका वर केला, जुना उचलला, पिना उजेडात धरून पाहिल्या. एकही वाकलेली नव्हती. नव्याच्या एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो बैठकीवरच्या त्रिकोणाशी जुळवावयाचा. यात बळाचा लवलेशही लागत नाही. दिशा बरोबर असेल तर प्रोसेसर स्वतःच्या भाराने खाली उतरतो, आणि दाबावे लागत असेल तर काहीतरी चुकले आहे असे समजावे. तो उतरला. वाटाण्याएवढा नवा लेप, वर तोच जुना पंखा, आणि बटण.

पडदा काळा. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला. नवा कारभारी स्मृतीच्या पट्ट्यांची तपासणी करतो, त्याला वेळ लागतो, असे मुलगा म्हणत होता, पण त्याचा आवाज जरा बारीक झाला होता. मग पडद्यावर इंग्रजीत एक सूचना उमटली. तिचा आशय असा: नवा प्रोसेसर बसविलेला आढळतो, जुन्याच्या पोटातील कुलूपबंद कप्प्याशी जुळणी होत नाही, कप्पा नव्याने सुरू करावयाचा असेल तर ‘वाय’ दाबा, नसेल तर ‘एन’. आणि खाली इशारा, की डिस्क कुलूपबंद केलेली असून तिची किल्ली तुमच्यापाशी नसेल, तर आतील मजकूर उघडणार नाही. भावजय मागे उभी होती. तिला इंग्रजी वाचता येते.

मुलाने ही सूचना येणार हे आधीच पाहून ठेवले होते. डिस्कवर असे कुलूप घातलेले नाही याची खात्री त्याने आदल्या रात्री करून घेतली होती आणि तसे कागदावर लिहूनही ठेवले होते. तो कागद त्याने आईला दाखविला. तरीही आम्ही त्याला ती सूचना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्याने वाचावयास लावली. कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी आम्ही अशिलांना हेच सांगतो. मग त्याने ‘वाय’ दाबले. मिनिटभरात ओळखीचे चित्र आले: जाम सावळीच्या देवळाच्या आवारात काढलेला, आमच्या बंधूंनी पडद्यावर कायमचा ठेवलेला फोटो.

धुराच्या गोळ्यानंतरही आता चित्रांचा आकडा शंभराखाली क्वचितच येतो. आठवड्याभरात विंडोज ११ ही चढली. आता चितारी दमतो. ग्राफिक्स कार्ड २०१६ सालच्या जातीचे आहे आणि आता सूत्रधार त्याच्यासाठी थांबून राहतो. त्याचा विचार पुढच्या वर्षी. हा बोर्ड कधीतरी जाणारच. २०२२ पासून कंपनीची नवी बैठक आली आहे, आणि पुढच्या पिढ्या बहुतांशी तिच्यासाठीच निघतात. चुलत्यांनी परवा येऊन यंत्र पाहिले आणि ‘चालतंय खरं’ एवढे म्हणून चहा घेतला.

जुना प्रोसेसर काही दिवस नव्याच्या खोक्यात, आमच्या आईच्या देवघराशेजारच्या कोनाड्यात होता. आम्हांस वाटले, तेथेच राहील. पण मुलाचा एक वर्गमित्र सौंसरला असतो. त्याच्याकडे त्याच एएम४ बैठकीचा बोर्ड आणि त्यावर दोनच केंद्रांचा एक स्वस्त प्रोसेसर. तो लिनक्स वापरतो, म्हणून विंडोजच्या यादीशी त्याला कर्तव्य नाही. मुलाने त्याला फोनवर आधी विचारले, की बायोसची आवृत्ती कोणती, ग्राफिक्स कार्ड वेगळे आहे ना; कारण या १६०० ला स्वतःचे चित्र काढता येत नाही. मग आजीची परवानगी मागितली. आई म्हणाली, ‘त्यानं दुकानात कुणाला भाग नाही म्हटलं नव्हतं.’ सोमवारी आम्ही न्यायालयात जाताना ते खोके बरोबर नेले. पिनांना धक्का लागू नये म्हणून ते बॅगेत नव्हे, मांडीवर ठेवले होते. मित्राकडे वायर बांधण्याच्या पट्ट्या होत्या, कापूस होता, लेप नव्हता. तो आम्ही नागपूरच्या पुढच्या फेरीत आणून दिला.